तीन मिनिटं चाळीस सेकंद

शनिवारी रात्री अकरानंतर
झ्रेन्यानिनच्या आमच्या स्वयंपाकघरात
कुणी चमचासुद्धा वाजवायचा नाही, असा मिलोरादचा हुकूम.
रेडिओपुढे उशी, उशीवर टेपरेकॉर्डर,
त्याच्यापुढे गुडघ्यांवर तो, चौदा वर्षांचा,
बोट लाल बटणावर.

बेलग्रेडचा निवेदक म्हणाला,
आज एक विमान पाठवतोय. फुकट आहे. झेला.

मग ती किर्र.
पत्र्यावर खिळा ओढावा तशी, सलग पाच मिनिटं.
देशभर जागी असलेली पोरं
जिवाचा कान करून ती साठवत होती.
आईने भुवयांनीच विचारलं,
हे गाणं, की रेडिओ बिघडलाय?

तेवढ्यात बाबा आले,
अंगाला फवारणीच्या औषधाचा वास,
आणि दारातच खोकले.

मिलोराद काही बोलला नाही. नुसतं बघितलं.
बाबांनी तोंडावर हात नेला,
हातात टोपी होती, ती तशीच तोंडावर राहिली
किर्र थांबेपर्यंत.

साखर कारखान्यामागच्या गवती धावपट्टीवर
शेतांवर फवारणारी विमानं बाबा दुरुस्त करत.
त्यांना ती उडवायची होती.
तरुणपणी डॉक्टरने मागे उभं राहून
त्यांच्या उजव्या कानात एक आकडा पुटपुटला.
तो आकडा यायची वाट बघत
बाबा बराच वेळ ताठ उभे होते.

त्यानंतर ते इंजिन दातांनी ऐकायचे.
पेचकसाचं टोक इंजिनावर, मूठ दातांत घट्ट.
म्हणायचे, हाडं खोटं बोलत नाहीत.

ती टेप चालली नाही.
सात वेळा लावली.
सोमवारी टिबोरकडून, दोन कॉमिक्सच्या बदल्यात,
खोकला नसलेली प्रत आली.
टीव्हीवर वर पांढरं, खाली काळं, मधे एक सरळ रेघ.
मी म्हटलं, हा तर आपलाच जिल्हा.

एका रविवारी बाबा बसले.
रबरी बटणं बारीक, एका बोटाखाली दोन दबायची.
थोडं उडून म्हणाले, इंजिन बरोबर वाटत नाही.
उठले, पेचकस आणला,
एक टोक टीव्हीच्या खोक्यावर, दुसरं दातांत.
आई हसून हसून खुर्चीवर बसली.
ते मात्र डोळे मिटून ऐकत राहिले.
एक सिलिंडर मरतोय, म्हणाले,
आणि पुन्हा उडवू लागले.

उतरवलं नाही.
मिलोराद ओरडत होता, धावपट्टी डावीकडे, डावीकडे!
इंधनाचा काटा शून्यावर येईपर्यंत
ते त्या रेघेच्या वरच फिरत राहिले.
मग सगळं थडथडलं, आणि क्षणात
विमान पुन्हा धावपट्टीच्या टोकाशी, नवंकोरं.
बघ, बाबा म्हणाले, कुणाला काही झालं नाही.

आता माझ्या लॅपटॉपवर अख्खी पृथ्वी फुकट मिळते.
बेगेय नदी जिथे वळते तिथे वळते,
गव्हाचा रंग महिन्याप्रमाणे बदलतो.
कारखान्यामागे ते गवतही आहे,
कुण्या अनोळखी माणसाने हौसेने घातलेलं,
वाऱ्याची पिशवीसुद्धा लावलीय त्याने.
मी तिथून उडते. उतरायला अजून नीट जमत नाही.

मिलोराद ग्रात्सला असतो.
गेल्या हिवाळ्यात त्याने साऱ्या टेपांच्या फाइली केल्या
आणि फोन केला:
नेवेन्का, त्या पहिल्या टेपमध्ये एक उंचवटा दिसतोय.
काढून टाकू? दोन मिनिटांचं काम आहे. मग चालेल.

मी म्हटलं, हात लावू नकोस.

तेव्हा करडे दिसायचे ते पट्टे
निळे-पिवळे आहेत, हे मला आता कळलं.
ते धावतात, तीन मिनिटं चाळीस सेकंद,
मग यंत्र म्हणतं, चूक झाली.

मी टेप मागे नेते.
हेडफोन एकाच कानाला लावते,
उजव्या.