जरा मागे घे

मत्र्याला, बंदरामागच्या गल्लीत,
कॅसेटच्या दुकानावरच आमची खोली होती.
सहा खाटा, एक एसी,
आणि वर्गणीतून घेतलेला व्हीसीआर,
ज्यात माझे अकरा रियाल अजून अडकलेत.

शुक्रवारी मासळी इनास तुस्कानो करायचा,
भात मी.
जेवणं झाली की पडदा ओढून
तोच सिनेमा.

नाव सांगून उपयोग नाही,
पुण्यातसुद्धा दोन आठवड्यांत उतरला म्हणे.
एक कंडक्टर, एक शिक्षिका,
मध्ये चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र.
गाणी बेताची. खलनायक इतका मवाळ
की हिंगमिरे म्हणायचा,
आपल्या फोरमनला याच्याकडे शिकवणीला धाडा.

पाचव्या वेळेला संवाद पाठ झाले.
पंधराव्या वेळेला चुका सापडल्या:
शिक्षिकेचं घड्याळ वर्गात डाव्या हाताला,
फाटकाशी उजव्या.
त्यानंतर गोष्टीकडे कुणी बघेना.
हिंगमिरे चुलीकडे बघायचा.
नायकाची आई रडत असते, आणि तिच्यामागे
तव्यावरची भाकरी टम्म फुगते.
"फुगली," तो हळूच म्हणायचा. दर वेळेला.

गुलाम मुकादम एसटी स्टँडची वाट बघायचा.
शिक्षिका धावत येते, गाडी सुटलेली, धूळ,
आणि तिच्या पाठीमागून एक माणूस जातो.
काखेत छत्री, हातात कसलंसं पुडकं,
जाता जाता आपल्याकडे बघतो,
काय चाललंय रे इथं, अशा नजरेनं.
साडेचार सेकंद. मी मोजलेत.

"बापूस हाय तो माजो," गुलाम म्हणाला.
"पुडक्यात सुकट असणार."
बाप गेला तेव्हा गुलामचा पासपोर्ट
कंपनीच्या कपाटात होता आणि चावीवाला सुट्टीवर.
घरात बापाचा फोटो एकही नाही.
कॅमेरा दिसला की म्हातारा गोठ्यात जाऊन बसायचा.

"जरा मागे घे."
आम्ही मागे घ्यायचो.
माणूस पाठमोरा न होता उलटा चालत
पडद्याबाहेर जायचा,
पुन्हा यायचा.
शेवटची वीस मिनिटं आम्ही क्वचितच गाठली,
मागे घेण्यातच दुपार सरायची.

टेप झिजते ती आवडीच्या जागी आधी.
बाकी सिनेमा लख्ख,
स्टँडवर मात्र पांढऱ्या रेघा,
मग वाळूचं वादळ.
इनास स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसून थकला.
शेवटी शेवटी नुसती छत्री चालत जायची.
गुलाम म्हणाला, चालेल.

आता मी सीबला, लेकीकडे.
परवा नातवानं फोनवर तोच सिनेमा काढून दिला,
धुऊनपुसून स्वच्छ केलेली प्रत,
शिक्षिकेच्या पदरावरची बुट्टीसुद्धा दिसते.
स्टँड आलं. मी थांबवला.
पुडक्यात कागद होते, कोर्टाचे असावेत.
आणि कपाळावर
गंधाची उभी रेघ.
ती रेघ आम्ही तीन वर्षं
टेपवरची समजत होतो.

गुलाम दाभोळला असतो. डोळ्यांत मोतीबिंदू.
सिनेमा मिळाल्याचं मीच उत्साहात कळवून बसलो होतो.
फोनवर म्हणाला, "दिसतो का रे नीट?"
समोर तो माणूस थांबलेला,
एक पाऊल उचललेलं, माझ्याकडे बघत.
"प्रत खराब आहे," मी म्हटलं.
"छत्री तेवढी दिसते."
"छत्री त्याचीच," गुलाम म्हणाला.
मग खोकला, मग आंब्याचा भाव.

फोन ठेवला आणि त्या माणसाला जाऊ दिलं.
मागे घ्यायला सांगणारं कुणी नव्हतं,
सिनेमा आपला पुढे चालत राहिला.
भाकरी फुगली.
आणि पत्र तिला मिळतं शेवटी.
पावसाळी चपला काढायच्या आधीच, उंबऱ्यातच फोडते ती.
हे मला ठाऊकच नव्हतं.