मृगांक

बाबाची वही निळ्या पुठ्ठ्याची,
घोड्यांच्या खाद्याच्या दुकानातून फुकट मिळालेली.
तिच्यात अडतीस नोव्हेंबर.
प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बाटलीचं बूच ठेवून काढलेलं वाटोळं
आणि त्यात पेन्सिलीने भरलेला
त्या रात्रीपुरता काळोख.

पुनवेला बूच कोरंच.

खाली बारीक अक्षरात:
वारा वायव्येचा. सीडरच्या दलदलीकडे तीन माद्या. नर नाही.
रात्रभर चांदण्यात चरली, आता झोपली असणार.

हे त्याचं शास्त्र. त्याच्या बापाचंही,
आणि सरोवराच्या या काठावरच्या प्रत्येक नारिंगी टोपीचं.
पुनवेला मुकाट घरी बसावं,
अवसेच्या आगेमागे रजा काढावी.
लोखंडाची खाण चालू होती तोवर
मुकादम रजेच्या अर्जावर सही करण्याआधी
खिडकीतून आभाळाकडे बघायचा.

मी हरणांच्या गळ्यात पट्टे बांधते. नोकरीच आहे.
जाळ्यात धडपडणाऱ्या मादीच्या डोळ्यांवर फडकं टाकायचं,
मानेवर गुडघा, पण भार नाही,
कातडी आणि पट्टा यांच्यात दोन बोटं शिरतील एवढी जागा.
मग ती सुटते,
आणि तासातासाला माझ्या पडद्यावर एक ठिपका.

सहा हिवाळ्यांचे ठिपके मी चंद्राशेजारी मांडून पाहिले.
भरलेला, कोर उरलेला, खळं पडलेला, ढगाआड गेलेला.
ठिपके उठतात फटफटायच्या सुमाराला,
पुन्हा उठतात दिवस कलताना.
वर काय चाललंय याची
त्यांना फारशी पडलेली नाही.

बाबाला सांगितलं सौनाच्या पायरीवर,
त्याच्या खांद्यांतून वाफा निघत होत्या तेव्हा.
तो बराच वेळ नखातली बर्चची पानं काढत राहिला.
म्हणाला,
तुझी हरणं सरकारी आहेत.

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि वही माझ्याकडे आली.
मी ती पुन्हा वाचली. या वेळी हरणं सोडून.
डावीकडे, समासात, तो वेळ लिहायचा, माचाणावर पोचल्याची.
पाच. पाचला पाच कमी. पाच.
कोऱ्या वाटोळ्यांच्या पानांवर: सात. सव्वासात.
एकदा चक्क आठ.
आणि त्यांपैकी एकाच पानावर,
तेही खोडून, पण पेन्सिल पुसून जात नाही पूर्ण:
तायमीला झोप नाही. पायरीवर बसलो. कॉफी.

आईला पिठूर चांदण्यात झोप यायची नाही.
मला वाटायचं, तिचं ती एकटीच जागते.

माझ्या तक्त्यात या गोष्टीला रकाना नाही.
बाबाला मी हे बोललेले नाही. काय बोलणार?
की हरणं वेळेवर येऊन गेली, दरवर्षी,
उशीर तुला झाला?

यंदा हंगाम उघडला तो नेमका पुनवेला.
पहाटे चारला त्याला घ्यायला गेले
तर हा अंगणात, घोंगडी पांघरून, पायरीवर.
बंदूक आत, भिंतीला.
आज काही उपयोग नाही, म्हणाला, बघ किती उजेड आहे.
डोळ्यांत साय आली तरी तेवढं त्याला दिसतं.
मी शेजारी बसले. थर्मासमधली कॉफी कोमट झाली होती.
बर्फावर कुंपणाच्या खांबांच्या सावल्या,
एकेक मोजता येईल अशी.

सहा वाजून वीस मिनिटांनी फोन थरथरला.
एक ठिपका, अर्ध्या मैलावर,
दलदलीकडून आमच्या माचाणाकडे निघालेला.

मी फोन मांडीवर पालथा घातला.

कोण गं, बाबा म्हणाला.
कोणी नाही.
मग लिही, म्हणाला. बूच माझ्या खिशात आहे.
वारा वायव्येचा.
नर नाही.