साडेचार मीटर

सुखदेव परातेनं लाल रेघ मारली
तेव्हा मी त्याला चहा दिला.
माझी पाटीही त्यानंच रंगवली होती, अठ्ठ्याण्णव साली:
'जलपरी ड्रेसेस. पोहण्याचे कपडे भाड्याने मिळतील.'
जलपरीला त्यानं ब्लाऊज घातला होता,
पूर्ण बाह्यांचा.
"फॅमिलीवाले येते ना ताई इथं."
आज महापालिकेचा डबा, महापालिकेचा ब्रश,
आणि गाळ्याच्या भिंतीवर खालपासून छतापर्यंत एक रेघ.
"वाकडी नाही आली पाहिजे, दोरी धरा जरा."
मी दोरी धरली.

रस्त्यापासून साडेचार मीटर.
माझा गाळा सहा मीटर खोल.
"म्हंजे दीड मीटर तुमचाच राहते," साहेब म्हणाले,
जसं आग्रहानं
ताटात काही वाढून राहिले.

समोर पार्क. फाटकावर सिमेंटचा हत्ती,
सोंडेतून पाणी कधी यायचं, कधी नाही.
मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटायचं तेव्हा
भंडाऱ्याची, काटोलची, छिंदवाड्याची माणसं
बसमधून उतरून सरळ माझ्याकडे यायची.
पोरांची कंबर मी डोळ्यांनीच मोजायची.
डिपॉझिट पन्नास, भाडं वीस,
फाटलं तर पन्नास माझे.

बायका मात्र ट्रायल रूमच्या पडद्याशी थांबायच्या.
"कोणी पाहत तर नाही ना?"
मी पडदा हातानं धरून उभी राहायची, पाठ त्यांच्याकडे.
एक तर अर्धा तास बाहेरच आली नाही.
मला वाटलं, चक्कर आली.
आली ती साडी नेसूनच, जशी गेली तशीच,
वीस रुपये दिले आणि म्हणाली,
"नाही जात पाण्यात. पाहून झालं."

रस्ता पाहिजे होता, हे खोटं कसं बोलू?
त्याच वळणावर रफतभाईंचा मेहुणा ट्रकखाली गेला,
गळ्यात स्टुडिओचा कॅमेरा.
तरी मोर्च्यात रफतभाई पुढे होते,
आणि आमचे अध्यक्ष मोहाडीकर,
ज्यांनी वकिलासाठी घरटी दोन हजार जमवले,
ते सगळ्यांत आधी चेक घेऊन आले.
संत्रा बर्फी वाटली.
मी घेतली. चांगली होती.
हेडाऊचं तर्री-पोह्याचं दुकान पहिल्याच रात्री गेलं.
त्याच्या दुकानाला चाकं होती.

जेसीबी सकाळी सातला आला.
चालवणारं पोरगं बालाघाटकडचं, मिसरूडही धड नाही,
खाली उतरून विचारलं,
"अंदर कुछ रह गया क्या, मौसी?"
मी नाही म्हटलं.
शटर कागदासारखं दुमडलं.
जलपरीचा चेहरा अगोदर गेला, मग बाह्या,
शेपटी बराच वेळ
एका सळईला लोंबत होती.
दहाला पार्कचा भोंगा सुरू झाला, रोजच्यासारखा:
हरवलेल्या मुलांनी
हत्तीपाशी येऊन थांबावे.

दुपारी धूळ बसली तेव्हा दिसलं,
रेघ सरळच आली होती.
रेघेच्या अलीकडे सगळं मोकळं,
पलीकडे माझा दीड मीटर,
आणि त्यात ट्रायल रूमची मागची भिंत,
तिच्यावर आरसा.
काढायचा राहिला होता.

पडदा नाही, दार नाही, छप्पर नाही.
तेवीस वर्षं ज्यानं फक्त
घाबरलेल्या बायका आणि उघडी पोरं पाहिली
त्या आरशात आता अमरावतीकडे जाणारे ट्रक,
डांबराचा धूर, पिवळं हेल्मेट,
आणि सगळ्यांच्या मागे, उलटा फिरणारा
पार्कचा मोठा पाळणा.
इतकी वर्षं समोर होता,
दुकानातून मला तो कधी दिसला नव्हता.

सुखदेव सायकल थांबवून म्हणाला,
"काढून देऊ का ताई? फुटून जाईन ना उद्या."
पहिल्यांदाच मी रस्त्याकडे पाठ करून उभी राहिले,
पडदा धरल्यासारखा हात वर,
आणि कोणी पाहत तर नाही ना,
हे मागे वळून
पाहिलं नाही.