तेल नव्हे

जानेवारीत जहाज फुटलं, मार्चमध्ये मला
शेटलंडला धाडलं. डाग मोजायला.
टेप, खडू, छापील तक्ता:
जागा, लांबी, रुंदी, तीव्रता.
पहिल्याच सकाळी चाळीस मीटर काळा कडा
मी 'गंभीर' म्हणून मांडला.

ऑस्ला इजबिस्टर. वय एकाहत्तर,
फेरीबोटीवर तिकिटं फाडण्यात हयात गेलेली.
गुडघ्यांखाली गोणपाट घेऊन ती कड्याशी बसली.
म्हणाली, "बोट फिरव."
फिरवलं. कोरडंच निघालं.
"हुंग."
मीठ. थोडी मेंढी.
"तेल इतक्या सहज सोडतं होय कुणाला?"

मग गळ्यातलं भिंग काढून दिलं.
"हे डोळ्याशी धर आणि दगडापाशी तूच जा,
तो यायचा नाही."
नाक दगडाला टेकलं तेव्हा दिसलं:
काळ्याला भेगा, आटल्या डबक्याच्या तळासारख्या,
तुकड्यातुकड्यावर पुटकुळ्या,
पुटकुळीच्या माथ्याला सुईने टोचल्यासारखं भोक.
तिने वर पाण्याचा थेंब सोडला.
काळ्यातून हिरवट काही हळूच वर आलं.

"घर बुरशीचं, चूल शेवाळाची.
सुखाने नांदतात की नाइलाजाने,
ते मला विचारू नकोस."

काळ्याच्या वर नारिंगी पट्टा, त्याच्या वर राखाडी.
राखाडी म्हणजे उतू जाऊन वाळलेली पेज,
तिच्यात जाड काठाच्या फिक्या गुलाबी वाट्या.
मी सुरी घातली. पातं घसरलं.
"पान असतं तर उचललं असतंस.
ही खपली आहे. न्यायची तर दगडासकट ने."
कोटाच्या खिशातून धुण्याच्या ब्लीचची बाटली निघाली,
त्यात औषधाचा ड्रॉपर.
एक थेंब, आणि खपली लाल झाली,
मी नाव लिहीपर्यंत पुन्हा राखाडी.

"बायका हे खरवडून न्यायच्या,
शिळ्या मुतात आठवडेच्या आठवडे भिजवायच्या.
लोकर जांभळी व्हायची, आणि घरात कुणी पाहुणा टिकायचा नाही."
ती एकटीच हसली.
मग हातमोजा काढून अंगठा त्या खपलीच्या कडेला लावला:
"शाळेत होते तेव्हा इथवर होती."
अंगठा आडवा होता, उभा नव्हे.

मी चाळीस मीटर खोडले.
खोडताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढे वळणापलीकडे, जिथे वारा थेट येतो,
तोच कडा, तोच काळा पट्टा, फक्त चकाकणारा.
मी शिकल्याप्रमाणे बोट फिरवलं.
बोट आलं नाही.
आलं तेव्हा त्याला धागे सुटले होते.

ऑस्लाने भिंग मागितलं नाही.
बाटलीचं बूच, आधीच घट्ट होतं,
ते पुन्हा आवळलं.

"याच्याखाली तेच आहे," ती म्हणाली,
"जे तू मघाशी खोडलंस."

तक्त्यात काळ्यावरच्या काळ्याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात,
आणि कागदावर बोटाचा ठसा उमटला,
तो अजून वाळलेला नाही.