डबल बेल

उत्तरेश्वर पेठेतल्या या गाळ्यात
आधी चपलांचं दुकान होतं.
मतदारयाद्यांना अजून कातड्याचा वास येतो.
एकतीस वर्षं एस.टी.त तिकिटं फाडली मी,
राधानगरी, गारगोटी, गगनबावडा.
आता पट्टी लावून मतदार चिठ्ठ्या फाडतोय,
हाताला फरक कळत नाही.

आज अकरावा दिवस.
पोरं अठरा होती, उरली सात.
पलीकडच्या ऑफिसात पेट्रोलच्या पावत्या मिळतात,
रात्री पांढरा रस्सा.
आमच्याकडं चहा, तोही परवापासनं अर्धा कप.
रणधीर चौगले चप्पल काढून
टाचेचा फोड बघत बसलाय,
आयेशा मुजावरचा घसा पार बसलाय,
बंडा सुतार मोबाइलमध्ये तोंड घालून गप्प,
म्हणजे उद्या तो येत नाही.

उमेदवार शैलजाताई कानाशी येऊन म्हणाल्या,
"डोंगळेकाका, सेवेबद्दल चार शब्द बोला की.
पोरं बसली तर उठायची नाहीत."

उभा राहिलो.
सेवा हा शब्द तोंडात घोळवून बघितला,
तर जुन्या चिल्लरीसारखा गुळगुळीत,
छाप कुठली कळेना.
रिक्षाच्या पाठीवर तोच, पतपेढीच्या दारावर तोच,
पलीकडच्यांच्या बॅनरवर तर आमच्यापेक्षा मोठा.
वहीत वाक्यं लिहून आणली होती,
समई, वात, झिजणारं चंदन.
वही मिटली.

म्हणालो, पोरांनो,
बावड्याची शेवटची गाडी.
साल आठवत नाही, थंडी आठवते.
गाडीत प्रवासी एकच.
ड्रायव्हर गणपा पोवार म्हणाला,
"मास्तर, एकासाठी कशाला डिझेल जाळायचं?
सकाळी जा म्हणावं त्याला."
तोवर मी तिकीट फाडलं होतं.
फाडलं म्हणजे गाडी जाणार,
एवढाच नियम मला येत होता.
कळे गेलं, साळवण गेलं,
गडी सगळी वाट झोपलेला, तोंड उघडं टाकून.
बावड्याला हलवून उठवला.
पिशवी घेतली, उतरला,
मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.
खोटं कशाला बोलू, मी दारात थांबलो होतो,
काहीतरी म्हणेल म्हणून.
एक कुत्रं भुंकलं.
झालं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
पंखा कुरकुरत फिरत होता.
मग बंडानं मोबाइलवरची नजर न काढता विचारलं,
"काका, तिकीट किती होतं?"
"साडेसात."
"आणि डिझेल?"
"त्याचा हिशेब डेपोकडं, बाबा.
आपल्याकडं तिकिटाचा."

आयेशाला बोलवत नव्हतं,
तिनं चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दाखवलं:
तिसऱ्या मजल्यावरचे गुळवणी आजोबा
पलीकडच्यांना मत देणार म्हणतात.
त्यांना चिठ्ठी द्यायची?

सगळे माझ्याकडं बघायला लागले, ताईसुद्धा.
पोटात कालवलं.
गेल्या खेपेला ही सीट नऊ मतांनी गेली होती
आणि त्या नऊजणांची नावं मला पाठ आहेत,
म्हणजे मला तसं वाटतं.
"त्यांचं केंद्र बदललंय," मी म्हणालो,
"शाळेतनं हॉलवर नेलंय.
म्हातारा काठी टेकत शाळेपर्यंत जाईल
आणि कुलूप बघून परत येईल.
दे चिठ्ठी.
खोली नंबर मोठ्या अक्षरात घाल, त्यांना दिसत नाही."

ताई काही बोलल्या नाहीत.
थर्मास हलवून बघितला,
निघाला तेवढा चहा आयेशाच्या कपात ओतला.
रणधीरनं बॅनरची चिकटपट्टी
दातानं तोडून फोडावर लावली.

सातच्या सात उठली असं सांगायला आवडलं असतं.
सहा उठली.
एकाच्या आईची आज रात्रपाळी होती,
धाकट्याला जेवायला घालायचं म्हणून तो घरी गेला,
ते पण बरोबरच.
बंडा उद्याचं काही बोलला नाही,
गठ्ठा मात्र काखेत मारून निघाला.

शटर अर्ध्यावर अडकतं, वाकून जावं लागतं.
शेवटचं पोरगं वाकून बाहेर पडलं
आणि माझ्या हातातल्या पेन्सिलीनं
लोखंडी कपाटावर दोनदा वाजवलं,
सवयीनं.