मागायला कुणी आलं तर

खडेबाजारात दस्तगीरच्या रद्दीत
सव्वा किलो आयर्लंड मिळालं मला.
पुठ्ठा उसवलेला, कडांना कसर,
इंग्रजी, मुंगीएवढा टाइप.
तहसीलमधून लवकर सुटले की एसटीत वाचायची,
आणि रात्री ताटावर तात्यांना सांगायची.

तात्या, तिकडं सातशे वर्षांमागं पार्लमेंट होतं.
'मग?'
मग राजानं कायदा केला,
आधी मला विचारा, मग सभा भरवा.
तात्यांनी भाकरी मोडली.
'मग आमचीच पंचायत की गं ती.
विषय बेळगावातनं यायचे,
आम्ही खाली सही मारायचो.'

अठराशे सालचं पान मी दोनदा वाचलं.
डब्लिनच्या सभासदांनी
मत देऊन आपलीच सभा मोडली.
कुणाला उमरावकी मिळाली, कुणाला रोकड,
कुणी खरंच भलं होईल म्हणून.
इमारत बँकेला विकली,
आतल्या अंगानं एक अट घालून:
ते दालन असं फोडा
की इथं कोण बोललं होतं ते आठवू नये.

सभापतीनं मात्र राजदंड दिला नाही.
घरी नेला. म्हणाला,
ज्यांनी माझ्या हाती दिला
ते मागायला येतील तेव्हा देईन.

तात्या उष्ट्या हातानं उठले.
माळ्यावरून डालड्याचा डबा काढला,
डब्यात धोतराचा तुकडा,
तुकड्यात शिक्का.
ग्रामपंचायत, मुंबई राज्य.
छप्पन्नच्या नोव्हेंबरात नवा आला,
त्यावरची अक्षरं चिटणीस तात्यांना वाचता येईनात.
जुना जमा करा म्हणून तीन पत्रं आली.
'उंदरानं नेला म्हणून लिहिलं,' तात्या म्हणाले.
'चौथं पत्र आलं नाही.'

पुढची पानं मी भराभर सांगितली.
उपाशी गेलेले लाखो, विलायतेच्या सभागृहात
रात्ररात्र बोलून कामकाज अडवणारे,
स्वराज्याचं बिल, पडलं, पुन्हा पडलं.
मग एकोणीसशे एकोणीस.
निवडून आलेले लंडनला गेलेच नाहीत,
आपल्याच गावात सभा भरवली, हजेरी घेतली.
नाव पुकारलं की उत्तर यायचं:
परक्यांच्या कुलपात.
पुढचं नाव. परक्यांच्या कुलपात.

'मी हिंडलग्याला अकरा दिवस होतो,' तात्या म्हणाले,
'रजिस्टरात गैरहजर लिहिलं.
कारणाचा रकानाच नव्हता.'

आणि तात्या, ती सभा त्यांच्या जुन्या भाषेत चालली.
निम्म्यांना ती धड कळतही नव्हती.
त्यावर ते ठसका लागेपर्यंत हसले.
'आमचा नागाप्पा गं!
मोर्चात मराठीतनं भांडायचा,
म्हैस मेली तेव्हा कन्नडातनं रडला.'

तीनशे एकेचाळीस ते छप्पन्न
एवढी पानं नव्हती.
सीमा आयोग, असं अनुक्रमणिकेत होतं.
दस्तगीर म्हणाला, भडंगवाल्याकडं गेली असतील,
तिथनं कुणाच्या पोटात, मला काय ठाऊक?
पुढं कॉलेजच्या लायब्ररीत शोधलं.
अहवाल झाला होता.
पेपरात फुटला, तिघं सरकारवाले बसले,
रेघ होती तिथंच ठेवली,
अहवाल कपाटात, चव्वेचाळीस वर्षं.
तात्यांना सांगितलं,
ती पानं मिळाली नाहीत.

आता तात्या नाहीत. डबा माझ्याकडं.
परवा नागाप्पाची नात आली,
शिवलीला, पंचायतीची नवी सदस्य,
रेशनकार्डाच्या यादीसाठी.
शाळा कन्नडातली, बोलणं दोन्हीतलं.
'अक्का, तुमच्याकडं काहीतरी आहे म्हणं.'

शिक्का तिनं उलटासुलटा केला.
अक्षरं उलटी, तिला लागेनात.
मलाही लागली नाहीत.
'हे यारदू?' तिनं विचारलं, कुणाचं हे?
मी चहा उतू जातोय म्हणून आत गेले.

बाहेर आले तर ती शिक्क्यावर
थंडीत काचेवर करतात तशी फुंकर घालत होती,
आणि तळहातावर दाबून बघत होती.
साठ वर्षांची वाळकी शाई,
अर्धा गोल उठला, जांभळा, मधे काहीच नाही.

शिक्का तिनं मागितला नाही. मीही दिला नाही.
यादी घेऊन गेली.

तिची आजी बाजारात भेटली, म्हणाली,
पोरीनं दोन दिवस हात धुतला नाही.
की धुतला, आणि गेलं नाही ते?
म्हातारीला नीट आठवत नव्हतं.