मागचा पडदा

पैंगीणच्या मराठी शाळेत, तिसरीच्या वर्गात
मी मतदान अधिकारी क्रमांक एक.
काम सोपं. यादीत नाव शोधायचं,
एजंटांना ऐकू जाईल असं वाचायचं,
मग कागदावरचं तोंड आणि समोरचं तोंड
एकच का, ते ठरवायचं.
मी डिचोलीची. इथलं कुणी माझ्या ओळखीचं नाही.
म्हणूनच मला इथे बसवलंय.

सुकडो वेळीप. रोजगार हमीचं जॉब कार्ड.
फोटोत घाबरलेला, इथेही.
आवलीन फेर्नांडिस. पोस्टाचं पासबुक.
फोटोत दात आहेत.
एका तारवटीनं पासपोर्ट पुढे केला,
मंगळवारी बोट, म्हणाला, लवकर करा.
एक मुलगी रेशनकार्ड घेऊन आली.
म्हटलं, बाय, यात तुझं तोंड कुठाय?
घरी गेली, धापा टाकत परत आली
तोंड घेऊन.

अकराच्या सुमाराला लक्षात आलं :
पासबुकं निराळी, पेन्शनची वही निराळी, वर्षं निराळी,
मागचा पडदा मात्र तोच.
निळा. उजव्या खांद्याच्या वर शिवण उसवलेली.
आणि बाप्यांच्या अंगात एकच कोट,
सुकडोला ढगळ, भाटकाराच्या पोराला आखूड.
अर्धा गाव त्या एका कोटातून
भारताचा नागरिक झालेला.

दुपारी शिपायानं उंडे आणि पातळ भाजी आणली.
यादीवर रश्श्याचा एक थेंब पडला, अनुक्रमांक सहाशे बारावर.
तो पाच वाजता आला.
कायतान रिबेलो.
सकाळपासून एकमेकांवर गुरगुरणारे तिन्ही एजंट
एका सुरात म्हणाले, मॅडम, हो फोटो-कायतान!
आज तुमच्यापुढे आले ते सगळे ह्यानेच काढलेत.

मी म्हटलं, ओळखपत्र?
त्याने खिसे चाचपले. शर्टाचा, पँटचा, पुन्हा शर्टाचा.
"म्हजो फोटो कोण काडटलो, बाय?"
चालणाऱ्या कागदांची यादी माझ्याजवळ होती.
'सगळे ओळखतात' असा कागद तीत नव्हता.

सहाला दहा कमी असताना परतला.
बँकेचं पासबुक, पानं दमटपणानं चिकटलेली.
फोटो स्वतःच काढलेला, टायमर लावून.
स्टुलापर्यंत पोचायच्या आत खटका पडला असावा :
चेहरा पुसट, एका अंगाला वाहून गेलेला,
पडदा लख्ख.

"हलू नका," मी म्हटलं.
त्याने हनुवटी जराशी खाली घेतली,
जशी सगळ्यांना घ्यायला लावत असेल.
पुसट कपाळ, डाव्या भुवईतली खोक,
आणि कान, ते कुठेही ओळखू आले असते.
मी नाव वाचलं, मोठ्यानं.

अडलं पुढच्या टेबलावर.
क्रमांक दोननं डावं बोट धरलं आणि सोडलं.
"मॅडम, ह्याला शाई आधीच आहे."
नख मुळापर्यंत काळपट.
तेव्हा कायताननं दोन्ही पंजे टेबलावर मांडले.
दहाही नखं तशीच,
चाळीस वर्षं डार्करूमच्या थाळीत बुडवलेली.
"दहा जणांना मत देऊन आला," एक एजंट म्हणाला,
आणि केंद्राध्यक्षसुद्धा हसले,
मग चष्मा कपाळावर ढकलून वाकले,
बोट जवळजवळ हुंगलं, आणि मान हलवली.

नखावर रेघ दिसेना.
ती कातडीवर उतरवली, तिथे जांभळी झाली.
कायताननं बोट खिडकीकडे धरलं.
"हीत चांदी," म्हणाला, "आमच्या कागदात असायची तीच.
उजेड खाल्ला की काळी पडते. रावात मातशें."
रांग नव्हती. आम्ही थांबलो.
पाच माणसं एका बोटाकडे बघत.

मग तो पुठ्ठ्याच्या आडोशाआड वाकला,
बराच वेळ.
बीप वाजला.

रात्री यंत्रं सील करून बसमध्ये बसले
तेव्हा गळ्यातलं माझं ओळखपत्र उलटं झालं होतं.
सुलटं केलं. मागे पडदा पांढरा.
कुणी काढला होता, कुठल्या दुकानात,
साखळीपर्यंत आठवत बसले.